वायफाय माझ्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडं

आज दुपारी डोकं असं तापलं की लिहिल्याशिवाय राहवेना.

जुन्या लॅपटॉपवर विंडोज रांगायला लागलं होतं, म्हणून सकाळी ते काढून लिनक्स टाकलं. सगळं बराबर झालं, पण वायफायनं पासवर्ड मागितला आणि तो मला माहीतच नव्हता. तीन वाजता माझी नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. मोबाइलचं नेट आमच्या घरात धड चालत न्हाई.

पासवर्ड कनेक्शनवाल्यानं टाकला होता. त्याला फोन केला.

"साहेबाला फोन द्या." साहेब म्हणजे माझा नवरा.

"साहेब डोंगरकडा गावी गेलेत. कनेक्शन माझ्या नावावर आहे. मला सांगा."

"ताई, हे बायांचं काम न्हाई. लिनक्स काहून टाकत बसल्या? संध्याकाळी येतो, साहेबालाच सांगतो." आणि फोन कट!

राउटरला केबल जोडली, त्याच्या खालच्या स्टिकरवरचं लॉगिन बघून सेटिंग उघडली. पासवर्ड होता त्याच्याच दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन! शेजारच्या वहिनींना विचारलं, तर त्यांच्याकडंही तोच.

तिथल्या तिथं बदलला. मुलाखत वेळेवर दिली.

संध्याकाळी कनेक्शनवाला दारात हजर.

"मी बदलला पासवर्ड," मी म्हणाले.

"मग नवा मला सांगून ठेवा. उद्या काही तकलीफ झाली तर?"

मी सांगितला न्हाई. दार लावून घेतलं.

बायांनो, तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे का? आणि आणखी कोणाकोणाला माहीत आहे?