स्क्रॅच जमला ती दुपार
तापलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा वास आला की कोळसाखाणीजवळच्या राजूरच्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. आईची तेरवी आदल्या दिवशी आटोपली होती, पाहुणे गेले होते, आणि मला अजून रडू आलं नव्हतं. करायला काही नव्हतं म्हणून मी हौसेने घेतलेला जुना टर्नटेबल काढला, तबकडीवरची कोळशाची धूळ फडक्याने पुसली आणि सुई टेकवली. एका हाताने तबकडी मागेपुढे ओढायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने शेजारच्या साउंड मिक्सरची पट्टी सरकवून आवाज तोडायचा, हे स्क्रॅचचं तंत्र मला कित्येक महिने साधत नव्हतं. त्या दुपारी हात आपोआप चालले. स्क्रॅचचा स्वच्छ, खरखरीत ठेका निघाला, पण त्याचा आनंदही झाला नाही. स्वयंपाकघरातून मोठी बहीण धावत आली. "मायची तेरवी काल झाली अन् तू हे कायले वाजवून राह्यला?" मी म्हणालो, "मले रडूच येत नाही, ताई." ती दारातच थांबली. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते आणि खिडकीची काच थरथरत होती. "मले बी नाही आलं," ती हळूच म्हणाली. "सगळ्याईसमोर डोळ्याले नुसता पदर लावत होती मी." मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "वाजव." उन्हं उतरेपर्यंत मी तोच तुकडा वाजवत राहिलो आणि ती ऐकत राहिली. आता नातेवाईकांच्या हळदीत मी हौसेने वाजवतो, लोक हाताचं कौतुक करतात. ताईही टाळ्या वाजवते, फक्त तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहत नाही.