भर उन्हातली कानटोपी

कोमट पाण्यातही माणूस गारठतो, हे पाहुण्यांना सांगता सांगता माझी जीभ झिजली. उंगुजा बेटाच्या उत्तर टोकाला समुद्रात बुड्या मारायला नेणारं आमचं केंद्र आहे. तिथे मी रबरी सूट देते, परत घेते, गोड्या पाण्यात बुचकळते आणि वाळत टाकते. दिवसभर तोच वास. घरी गेले की मांजरसुद्धा जवळ येत नाही.

वुआईभावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, मिझेचा नवरा. त्यांनीच मला इथे चिकटवलं. ते पाहुण्यांना घेऊन पाण्याखाली उतरायचे, रोज, उतारवयापर्यंत. डोक्याचे केस पांढरे झाले तरी खालचा एकेक खडक त्यांच्या ओळखीचा होता. जमिनीवर हा माणूस अवघडलेला; दुकानात मीठ मागायलाही लाजायचा. पाण्यात गेला की वेगळाच.

पाहुणे यायचे बर्फाच्या देशांतून. समुद्रात पाय घालायचे आणि हसत सुटायचे. "हे पाणी? आमच्या न्हाणीत असतं असं! द्या एखादा आखूड सूट, नाहीतर नुसता सदरा."

भावजी शांतपणे सांगायचे, "पूर्ण घ्या. पाच मिलिमीटर जाडीचा घ्या, निदान तीनचा तरी. मानेपाशी आणि गुडघ्यामागे ढिला राहिला तर बदलून मागा. गार पाणी लगेच चावतं, म्हणून माणूस सावध होतो. हे पाणी हळूहळू ऊब काढून घेतं. पहिल्या बुडीत मजा वाटते, दुसरीत दात वाजतात."

पाहुणे मान डोलवायचे. मग भावजींकडे बघायचे. दंड उघडे, गुडघे उघडे, मांडीपर्यंतचा आखूड सूट, त्यालाही मी दोनदा ठिगळ लावलेलं. आणि बोट दाखवायचे, "आम्हाला तोच द्या."

आता दोष कोणाला द्यायचा? मालक हेन्रिकचा हुकूमच होता, की गाईडने अंग झाकायचं नाही. "तुम्ही गुंडाळून उभे राहिलात तर पाहुण्यांना वाटेल समुद्र गार आहे. मग ते हॉटेलच्या तलावात डुंबत बसतील." आणि हुकूम नसता तरी आमच्या पुरुषांनी घातला असता होय? कुणी पूर्ण सूट चढवला की बोटीचा नाखवा फकी किनाऱ्यावरूनच ओरडायचा, "आली गं बाई बाळंतीण! शेगडी पेटवा, चाळीस दिवस हलू देऊ नका तिला!" मग हसणं. त्या हसण्याच्या भीतीने अख्ख्या किनाऱ्याचे गाईड उघड्या गुडघ्यांनी हिंडायचे.

पाहुणा बुड्या मारतो आणि आठवड्याने घरी जातो. भावजी कुठे जाणार, ते रोज त्याच पाण्यात. मिझे मला म्हणायची, "जुवेना, घामाने आपला जीव जातोय आणि हे चुलीला चिकटून बसतात. पाठीला हात लावला तर मासळीसारखी गार. बोटं वाकत नाहीत, चपाती मी तोडून देते." मी त्यांना विचारलं की ते म्हणायचे, "वय झालं, दुसरं काय."

त्या वर्षी कुसीचे, म्हणजे दक्षिणेकडचे गार वारे सुटले तेव्हा हेन्रिकने त्यांना बजावलं. पाहुणे थंडीने कुडकुडत लवकर वर येतात, तक्रारी करतात. आणखी एकदा झालं तर तुला बोटीवर बसवीन. बोटीवर म्हणजे दोर ओढायचा आणि चहा ओतायचा. भावजींना चुलीपाशी बसणं चालत होतं, पण पाण्याखाली जायचं बंद झालं तर त्यांच्यात काय उरणार, हे मिझेला कळत होतं आणि मलाही.

आणि नेमकी मार्गिट आली. निवृत्त शिक्षिका, अंगावर मूठभर मांस नाही, कासव बघायची आयुष्यभराची हौस. मी तिच्यासमोर पाचचा सूट धरला. तिने भावजींकडे बघितलं आणि म्हणाली, "तो एवढा म्हातारा माणूस आखूड घालून जातो, मग मला काय होतंय?"

मी भावजींकडे रागाने बघितलं. ते वाळूकडे बघत राहिले.

दुसऱ्या बुडीत ती थरथरायला लागली. ओठ निळे, हातात काही धरवेना. कासव समोरच्या खडकाआड होतं, पण भावजींनी सगळ्यांना वर आणलं. बोटीवर वारा झोंबत होता. भावजींनी स्वतःसाठी आणलेला मिझेचा कोरडा कांगा, नेसायचं सुती कापड, मार्गिटला गुंडाळला. आल्याचा चहा ओतायला गेले तर त्यांच्याच हातातून किटली निसटली. फकीने ती उचलली आणि थट्टा न करता स्वतः चहा ओतला. बाकीचे पाहुणे मात्र कासव हुकलं म्हणून किनाऱ्यापर्यंत कुरकुरत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी माझ्या खिडकीशी आले. मागे पाहुण्यांची रांग होती, मार्गिटही होती.

"जुवेना, पाचचा काढ."

"कोणासाठी?"

"मला. आणि रबरी कानटोपीपण दे."

"भावजी, हेन्रिक बघतोय."

"बघू दे. थकलो गं मी."

त्यांनी सूट चढवला, कानटोपी हनुवटीपर्यंत ओढली, जाड सुटाने माणूस तरंगतो म्हणून पट्ट्यात शिसं वाढवलं. गडी लोक खिदळले. रांगेतल्या पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मी काही न सांगता सगळ्यांनी पूर्ण सूट मागितले. त्या दिवशी दोन्ही बुड्या पुरत्या वेळेच्या झाल्या. मार्गिटला कासव दिसलं. ती परत आली ती माझ्या गळ्यात पडून रडली, माझा काय संबंध होता देव जाणे.

संध्याकाळी हेन्रिक म्हणाला, "पाहुण्यांच्या फोटोत तू कानटोपी घालून उभा आहेस. असा गाईड मला चालणार नाही. उद्यापासून बोटीवर."

मी तोंड उघडणार होते. भावजी "बरं" म्हणाले आणि घरी गेले. त्या "बरं"चा मला आजही राग येतो.

त्यांच्या जागी उस्सी आला. तरणाबांड, दंड फुगवून चालणारा. शिकवल्यासारखं तोही सांगायचा, पूर्ण घ्या. पाहुणे त्याचे उघडे दंड बघायचे आणि आखूड घ्यायचे. बोटीवर भावजी काकडलेल्या माणसांना चहा ओतायचे. मिझे म्हणाली, आता चुलीपाशीही बसत नाहीत, नुसते भिंतीकडे बघतात.

मग एका सकाळी खिडकीशी तेच.

"पाचचा दे. कानटोपीपण."

"बोटीवर कशाला हवा? वेड लागलंय का?"

"दे गं."

ते माझ्या खिडकीसमोर, भर उन्हात, वाळूवर उलट्या पाटीवर बसले. काळ्या सुटात, गळ्यापर्यंत बंद, कानटोपीसकट. घाम नाकावरून टपटपत होता. फकीने हाक दिली, "बाळंतीण, आता मूल झालं का?" भावजींनी मानही वळवली नाही. हेन्रिक तिथून जाताना थबकला आणि पुढे निघून गेला. त्याचा हुकूम गाईडसाठी होता. दोर ओढणाऱ्याने काय घालावं हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

एका पाहुण्याने विचारलं, "इतकं गार असतं पाणी?"

"पहिल्या बुडीत नाही," भावजी म्हणाले.

त्या दिवशी सगळे पूर्ण सूट घालून गेले. तेव्हापासून रोज असंच चाललंय. खाली लोक पुरता वेळ राहतात, कासवं बघतात. भावजी बोटीवर बसून त्यांचे बुडबुडे बघतात.

संध्याकाळी सूट माझ्याकडे परत येतात. सगळ्यांचे समुद्राने भिजलेले असतात, भावजींचा नुसत्या घामाने. मी तोही गोड्या पाण्यात बुचकळते. ते तोवर जवळ उभे राहतात आणि म्हणतात, "नीट वाळव गं, सकाळी लागेल."