पिकअप बघायचाय

आमच्या सासऱ्यांना पिकअप घ्यायचा होता. पिकअप म्हणजे मागे हौदा असलेली ती मालाची गाडी, जिच्यातून आमच्याकडचा टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला जातो. हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला तरी पहिल्यापासून माहीत असावं. आम्हा दोन हुशार जावयांना ते कळायला दुपार उजाडावी लागली.

दोन जावई म्हणजे मी थोरला आणि माझा साडू धाकटा. दोघांकडेही छोट्या गाड्या. त्याची लाल, टर्बो पेट्रोल. माझी पांढरी, सीएनजी बसवलेली. गेली दोन वर्षं सासुरवाडीला ताट समोर आलं की पिकअपचा विषय निघायचाच. हा पिकअप म्हणजे पाय दाबल्यावर गाडी जी झेप घेते ती.

"साडूभाऊ, तुमची गाडी उचलत नाही, तुम्हीच तिला उचलता," तो म्हणायचा.

"तुमच्या इंजिनात तीनच सिलिंडर. चौथा द्यायला विसरले का?" मी म्हणायचो.

मामा, म्हणजे आमचे सासरे, आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत आमटी भुरकायचे. आमचं हे ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलेलं होतं, त्यामुळे त्यात चूक असण्याचा प्रश्नच नव्हता.

एक दिवस मामांचा फोन आला. "पावणं, रविवारी या. पिकअप बघायचाय. धाकल्या पावण्यांनाबी सांगितलंय. तुमाला दोघांना त्यातलं लई कळतंय."

शेवटच्या वाक्याने माझी छाती जी फुगली ती रविवारपर्यंत उतरली नाही. म्हातारा गाडी घेणार, आणि कुणासारखी घ्यायची ते आमच्या गाड्या पळवून ठरवणार, हे मी चहा संपायच्या आत ताडलं. साडूनेही नेमकं तेच ताडलं होतं. मूर्खपणात आमचं कधी दुमत होत नाही. शनिवारी मी गाडी धुतली, चाकांत हवा भरली आणि स्टेपनी काढून ओट्यावर ठेवली.

"ती कशाला काढली?" बायकोने विचारलं.

"वजन कमी केलं."

तिने माझ्या पोटाकडे एकदा बघितलं आणि आत गेली.

रविवारी सासुरवाडीला, महाळुंगे पडवळला पोहोचलो तर मामा धुतलेला सदरा आणि कडक टोपी घालून दारातच उभे. कळंबला एक जण आपला वापरलेला पिकअप विकणार होता. बारापर्यंत वाट बघतो म्हणाला होता. टोमॅटोचा पहिला तोडा, म्हणजे पहिली काढणी, दुसऱ्याच दिवशी होती, आणि तोड्याच्या दिवसांत भाड्याचा पिकअप मिळत नाही. हे सगळं मामांच्या डोक्यात होतं. आमच्या डोक्यात शून्य ते शंभरचा वेग किती सेकंदांत, एवढंच होतं.

"कळंबला बाराच्या आत पोचलं पायजे," मामा म्हणाले.

"बाराच्या आत? मामा, माझी गाडी बघाच तुम्ही," साडू म्हणाला.

"वापरलेला हाय, पर ताकद हाय म्हणत्यात."

साडू माझ्या गाडीकडे बघून हसला. "म्हणणारे काहीही म्हणतात, मामा."

"लोड टाकल्याबिगर कळायचं न्हाई."

"तेच म्हणतोय मी," मी म्हणालो, "दोन्ही गाड्या एसीचा लोड टाकून पळवू."

मामांनी टोपी सारखी केली. एसीचा आणि टोमॅटोचा काय संबंध, हे शिकलेल्या जावयांना विचारणं त्यांना बरं वाटलं नसावं.

कळंबच्या वाटेवर एक सरळ पट्टा आहे. पहिली पाळी साडूची. मामा पुढे, मी मागे मोबाइलवर सेकंद मोजायला. साडूने पाय दाबला आणि मामांची टोपी माझ्या मांडीवर आली. काटा ऐंशीवर गेला आणि समोर मेंढरं. साडूने करकचून ब्रेक दाबला.

"राव, कुठं आग लागली का?" मेंढक्याने विचारलं.

"नाही, टेस्ट चाललीये."

"मंग चालू द्या की. आमी काय, निवांत जातो."

आणि ते खरोखरच निवांत गेले. शंभरातले वीस मेंढरांनी खाल्ले, असं साडू अजून सांगतो.

मागे येऊन पट्ट्याच्या तोंडाशी ठेवलेली माझी गाडी काढली. मामांचा फोन वाजला.

"मामा, ठेवा तो. मोजायचंय."

पुन्हा वाजला. साडूने मागून हात घालून तो घेतला आणि आवाज बंद केला.

आता एक गुपित. सीएनजीवर गाडी जरा मंद पळते, म्हणून मी हळूच बटण दाबून पेट्रोलवर घेतली. तिच्यात पेट्रोल असतं तर ही युक्ती फार नामी होती. गाडीने झेप घेतली, खोकली, दोन हिसके दिले आणि बाभळीखाली जाऊन उभी राहिली.

"शून्य ते शून्य," साडू मोबाइल बघत म्हणाला. "एवढ्या लवकर कुणाचंच झालं नसेल."

मी पुन्हा गॅसवर घेतली आणि ही फेरी धरायची नाही म्हणून वाद घालू लागलो. तेव्हा मामांनी हळूच विचारलं, "पावणं, पिकअप कवा बघायचा?"

"बघतोच आहोत की, मामा."

"ह्यो न्हवं. पिकअप. टमाटे न्यायचा."

साडूने खिशातून मामांचा फोन काढला. त्यावर मिस कॉलची रांग लागली होती. तिथून कळंबला आम्ही ज्या वेगाने गेलो तो कुणी मोजला नाही.

त्या माणसाच्या अंगणात ऑइलचा एक काळा डाग होता. "भाऊ, किती फोन लावायचे," तो म्हणाला. "आत्ताच गेला बघा. डिंगोऱ्याचं पावणं व्हतं. त्यांनी तर चालवूनबी बगितला न्हाई."

येताना वाटेवर ठेवलेली साडूची गाडी घेतली. घरी आल्यावर मामांनी दोन्ही गाड्यांना चक्कर मारली आणि माझी डिकी उघडायला लावली. आत सीएनजीची टाकी आडवी पसरली होती.

"मंग क्रेट कुठं बसायचं?"

"कसले क्रेट, मामा?"

"मागली शिटं पडत्यात का?" त्यांनी साडूला विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी रजा टाकली. सीटं पाडून, मध्ये गोणपाट अंथरून टोमॅटोचे क्रेट चढवले. जे बसले नाहीत ते दुसऱ्या खेपेला. चढावर दोन्ही गाड्या एकाच सुरात कण्हत होत्या, टर्बो का बिगरटर्बो, ऐकून सांगता आलं नसतं. मामा माझ्या शेजारी एक क्रेट मांडीवर धरून बसले होते.

"उचलती का, पावणं?"

"उचलते, मामा. जरा वेळ घेते."

मार्केटच्या फाटकाशी पिकअपांची लांब रांग होती आणि तिच्या मधोमध आमच्या दोन खेळण्यातल्या गाड्या. पुढच्या लाल गाडीचं बूड जमिनीला टेकायला आलं होतं. साडूने काचेतून मुंडकं बाहेर काढलं.

"साडूभाऊ, तुमच्यात किती क्रेट बसले?"

मी होते त्यापेक्षा दोन वाढवून सांगितले. शेजारी मामा खोकले.