काचेवरचा शेजारचा तुकडा

ताईंचं गर्भाशय गेली अकरा वर्षं इस्पितळाच्या तळमजल्यावर, तिसऱ्या कपाटाच्या दुसऱ्या खणात होतं. दचकू नका, सगळं नव्हे. नखाएवढा तुकडा, मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला. गाठींनी हैराण करून सोडल्यावर ते काढून टाकलं, तेव्हा प्रयोगशाळेच्या मॅडम खाटेपाशी आल्या आणि अवघडून म्हणाल्या, "ताई, एक तुकडा आपल्या कामाला ठेवू का? कंट्रोल म्हणून?" ताईंच्या हाताला सलाईन, तोंडाला कोरड, तरी फटकन म्हणाल्या, "ठेवा की. माझ्याकडे होतं तेव्हा नुसतं छळलं मेल्यानं. तुमच्याकडे तरी दोन कामं करू दे." कागदावर सही केली आणि कुशीवर वळून झोपल्या.

आता हे कंट्रोल प्रकरण काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. ताई तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याच्या तीन मायक्रॉन जाडीच्या चकत्या पाडायच्या, कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर घ्यायच्या. मग त्या काचा चक्क प्रेशर कुकरमध्ये उकळायच्या. "घरी कुकर, इथे कुकर, माझी काही सुटका नाही," असं ताई रोज म्हणायच्या आणि रोज त्यांनाच हसू यायचं. त्यानंतर अँटिबॉडीचा थेंब. शरीरातलं हार्मोन पेशीवर काम करतं ते आत त्याला धरून ठेवणारा कुणी असेल तरच. त्या धरणाऱ्याला रिसेप्टर म्हणतात. तो नुसता बघून दिसत नाही. अँटिबॉडी मात्र त्याला बरोबर हुडकून चिकटते, आणि वरून रंग घातला की तेवढी जागा तपकिरी होते. रिसेप्टर नसेल तर सगळं निळं.

पण निळं दिसलं म्हणून रिसेप्टर नाहीच, असं छातीठोकपणे कसं सांगायचं? कदाचित अँटिबॉडीच शिळी असेल, कुकर नीट तापला नसेल. म्हणून त्याच काचेवर, रोग्याच्या चकतीशेजारी, ज्यात रिसेप्टर नक्की असतोच अशी एक चकती ठेवायची. ती तपकिरी झाली तर तपासणी खरी. तो शेजारचा तुकडा म्हणजे कंट्रोल, आणि अकरा वर्षं तो ताईंचा होता.

इस्पितळात त्यांना मागून 'तीन मायक्रॉन' म्हणत. कुणी जाड चकती पाडली की पाण्यावरच्या तिच्या चमकेवरून त्या दुरूनच ओळखत आणि केराच्या डब्याकडे बोट दाखवत. स्वतः अंगानं चांगल्या भरलेल्या, त्यामुळे हे नाव जास्तच चाललं. त्यांना ते माहीत होतं. "म्हणा, म्हणा, माझ्या तोंडावर म्हणायची हिंमत करा एकदा," एवढंच म्हणायच्या.

पण अठ्ठावीस वर्षं हो! सकाळी साडेआठला एप्रन चढवायचा आणि उजव्या हातानं मायक्रोटोमचं चाक फिरवत बसायचं. खांदा असा भरून यायचा की घरी केस विंचरायचे ते डाव्या हातानं. सरळ सांगायचं तर बाई थकल्या होत्या, विटल्या होत्या. भिंतीवर त्यांच्याच अक्षरात एक कागद होता: 'कंट्रोल त्याच आठवड्यात कापलेला हवा.' कारण कापून ठेवलेल्या चकत्यांमधला रिसेप्टर हळूहळू मरत जातो. सात महिन्यांपूर्वी एक दिवस खांद्यानं अगदी जीव नकोसा केला, तेव्हा ताईंनी आपला ठोकळा काढला, एका बैठकीत साठ चकत्या कापून साठ काचांवर चढवल्या आणि डब्यात भरून टाकल्या. आता दर आठवड्याला उठून हा ठोकळा लावायला नको. तळाशी नखाच्या कडेएवढं काही उरलं होतं, ते परत खणात गेलं. "नियम लिहिला कुणी? मीच ना? मग मोडायचा कधी तेही मीच ठरवणार," त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. पुढे काचा जरा फिक्या दिसायला लागल्या, तेव्हा त्यांनी चष्म्याचा नंबर वाढला असेल असं धरलं. थकलेल्या माणसाला असली कारणं चटकन सापडतात.

आणि मग लेकीचा डोळा.

लेक सत्तावीस वर्षांची, एकुलती एक. डावा डोळा पुढे आल्यासारखा दिसायला लागला, मग त्या बाजूचं अंधूक झालं. डोळ्यामागच्या नसेच्या आवरणाला गाठ होती. सर्जननी जमली तेवढी काढली, पण नसेला चिकटलेला भाग तसाच ठेवावा लागला. तो ओढला असता तर नजरच गेली असती. म्हणाले, "या गाठींत कधीकधी एका हार्मोनचा रिसेप्टर असतो. असला, तर बाहेरून मिळणारं हार्मोन बंद करून थोडं थांबून बघता येईल. नसला, तर किरणं द्यावी लागतील. परवाची तारीख धरून ठेवलीय. किरणांनी गाठ थांबेल, पण डोळा वाचेलच असं नाही." मग त्यांनी विचारलं, "हार्मोनच्या काही गोळ्या घेते का ही?"

घेत होती ना. नऊ वर्षं. पाळीत पोरगी दुखण्यानं गडाबडा लोळायची, तेव्हा ताईंनीच तिला ओढत डॉक्टरकडे नेलं होतं. पोरगी नको म्हणत होती, मळमळतं म्हणत होती. डॉक्टर पुढे म्हणाले होते की दोनेक वर्षांनी थांबवून बघू. ताईंनी थांबवू दिलं नाही. "माझं झालं ते तुझं व्हायला नको," हे एकच पालुपद. दर महिन्याला पाकीट त्या स्वतः आणायच्या, आणि रोज संध्याकाळी आठला त्यांच्या फोनचा गजर वाजला की पाण्याचा पेला घेऊन लेकीसमोर उभ्या राहायच्या.

लेकीचा तुकडा तळमजल्यावर आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ताई, हा दुसऱ्या कुणाला करू द्या." ताई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला अजून धड चकती उचलता येत नाही. द्या इकडे." मॅडमनी दिला.

डब्यातली एक काच घेऊन ताईंनी आपल्या चकतीशेजारी लेकीची चकती बसवली. कुकर, अँटिबॉडी, तासभर ओल्या डब्यात, धुणं, रंग. दुपारी तीनला काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. डावीकडे लेक. सगळं निळं. वर नेली, खाली नेली, तपकिरी ठिपका औषधालाही नाही.

आणि खरं सांगायचं तर ताईंच्या मनात पहिल्यांदा काय आलं? सुटले. लेक नव्हे, मी सुटले. रिसेप्टरच नाही म्हणजे गोळ्यांनी गाठीला काही केलं नाही, म्हणजे माझ्या हातून काही झालं नाही. मग किरणांचं लक्षात आलं, आणि स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले.

सवयीनं त्यांनी काच उजवीकडे सरकवली. तो तुकडा त्यांनी आजवर हजारदा तरी पाहिला असेल, गडद तपकिरी, कधी दगा न देणारा. आज तो लेकीच्या तुकड्याइतकाच निळा होता. ताई चष्मा काढून पुसून परत बघायला लागल्या. चष्म्याचा काही दोष नव्हता.

तेवढ्यात मॅडम दारात आल्या, कानाला फोन तसाच. "ताई, सर्जन विचारतायत. निगेटिव्ह ना? कंट्रोल बरोबर आहे ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. ताईंचा 'हो' अठ्ठावीस वर्षांत कुणी तपासून बघितला नव्हता. मॅडम सही करून मोकळ्या झाल्या असत्या, आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

"तपासणी फुकट गेली मॅडम," ताई म्हणाल्या. "कंट्रोल मेलाय. मी मारलाय." आणि त्यांनी साठ काचांचं सगळं सांगून टाकलं. "असल्या फिक्या कंट्रोलपुढे अँटिबॉडी शिळी झाली तरी कळत नाही. या सात महिन्यांत निगेटिव्ह गेलेले चार रिपोर्ट आहेत, तेही परत करायला लागतील."

मॅडमनी फोन बंद केला आणि स्टुलावर बसल्या. "ताई, तुम्ही?" एवढंच म्हणाल्या.

"हो, मीच. खांदा दुखत होता."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे चार नंबर लिहून घेतले. चौघांसाठी दुसऱ्या इस्पितळातून ठोकळा मागवायचं ठरलं, पण त्याला आठवडा लागणार होता आणि लेकीला आठवडा नव्हता. ताई उठल्या, तिसऱ्या कपाटाचा दुसरा खण उघडला आणि तळाला उरलेलं ते नखाच्या कडेएवढं घेऊन मायक्रोटोमला लावलं. खांदा ठणकत होता. पहिली चकती फाटली, दुसरी गुंडाळली गेली, तिसरीत नुसतं मेण. चौथी अख्खी आली. पाचवी आलीच नाही, कारण ठोकळ्यात आता ताईंचं काहीच उरलं नव्हतं.

चौथीशेजारी लेकीची नवी चकती बसली, अँटिबॉडीची नवी बाटली फोडली, आणि दुसऱ्या दिवशी काच तयार झाली तेव्हा ताई बघायला बसल्याच नाहीत. मॅडमनी आधी उजवी बाजू पाहिली. "कंट्रोल झकास आहे. म्हणजे जुनी अँटिबॉडीही शिळीच होती," त्या म्हणाल्या. मग डावीकडे गेल्या आणि भिंग बदलून परत पाहिलं.

"पॉझिटिव्ह आहे ताई. भरपूर आहे. किरणांची तारीख रद्द करायला सांगते. गोळ्या आजपासून बंद, आणि तीन महिन्यांनी परत स्कॅन."

आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो होत असतानाच ताई मनात पाकिटं मोजत होत्या: नऊ वर्षं, दर महिन्याला एक.

संध्याकाळी लेक जेवणाच्या टेबलापाशी बसली होती, डाव्या डोळ्यावर पट्टी. ताईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"म्हणजे गोळ्यांमुळे?" लेकीनं विचारलं.

"गाठ गोळ्यांनी झाली असं नाही म्हणता येत. पण वाढली असेल. वाढली असणार."

"मी नको म्हणत होते."

"हो."

"दर वेळी नको म्हणत होते, आई."

"हो गं."

"तुझं सगळं असंच असतं! तुला दुखलं की मला औषध!" लेकीचा आवाज चढला आणि चिरकला. लेक थोडा वेळ टेबलावरचा डाग नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, "आणि हे तरी नक्की का? काल तर काहीच कळलं नाही म्हणालीस."

"आज नक्की. शेजारचा तुकडा बरोबर रंगला होता."

"कुणाचा तुकडा?"

ताईंनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं. काय सांगायचं, आणि कशाला? आता सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीचं ऑपरेशन, मेणाचा ठोकळा, सही. "तू जिथे नऊ महिने होतीस ना, ते. आज संपलं."

लेक एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे त्या काचेवरसुद्धा तू माझ्या शेजारी येऊन बसलीस?"

"मी नाही. तू आलीस," ताई म्हणाल्या.

लेकीला हसू आलं, पण ते तिनं आईला दिसू दिलं नाही. अजून राग होता, आणि तो इतक्यात जाणार नव्हता.

तेवढ्यात आठ वाजले. पर्समधला फोन वाजायला लागला. ताई काही विचार न करता वळल्या, माठापाशी गेल्या, पेला भरला, नऊ वर्षं आणत होत्या तसा घेऊन आल्या आणि लेकीसमोर उभ्या राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. पेला धरलेला हात खालीही जाईना आणि पुढेही जाईना.

लेकीनं पर्समधला फोन काढला, गजर बंद केला, आणि आईच्या हातातला पेला घेतला.

"दे," ती म्हणाली. "पाणी तर पिते."