मोटारीला फोन

सोल्डरिंगचा वास आला की मला परतवाड्याचं आमचं अंगण आठवतं, कारण मला पाहायला अकोल्याहून पाहुणे आले त्या दिवशीही बाबांच्या हाताला तोच वास होता. घरामागच्या संत्र्याच्या बागेतली मोटार फोन लावून सुरू करायचं यंत्र ते एका जुन्या मोबाइलपासून बनवत होते आणि गावानं त्यांना कधीच येड्यात काढलं होतं. चहा पिता पिता मुलाच्या आईनं विचारलं, “तुमी मोटारीले फोन करता, असं आयकलं आमी?” माझ्या आईनं मान खाली घातली. आता हे स्थळ गेलं, असं मला वाटलं. बाबा मात्र खूश झाले. “करून दाखवू काय?” म्हणत त्यांनी सगळ्यांना बागेत नेलं आणि फोन लावला. काहीच झालं नाही. मुलाचे काका हसू लागले. बाबांनी पुन्हा फोन लावला, तशी मोटार घुरघुरली आणि पाण्याची जाड धार हौदात कोसळली. मुलाची आई म्हणाली, “आमच्या वावरात हे कधी लावून देता, ते सांगा आधी. पोरगी तं पसंतच हाये.” आता बाजारात तसली यंत्रं सर्रास मिळतात, पण सासूबाई बाबांचं यंत्र काढू देत नाहीत. ते बिघडलं की बाबा दुरुस्तीला येतात आणि चांगले चार दिवस राहतात, म्हणून ते बिघडायची मी वाटच पाहत असते.