पर्समध्ये गेलेला धूर

आमचे सर कधी बसायचेच नाहीत. मानकोलीत एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. वेगवेगळा चित्रित केलेला माणूस, आग, धूर एकाच दृश्यात बेमालूम बसवायचं, हे आमचं काम. सर आमचे लीड, म्हणजे टीमचे प्रमुख. दिवसभर खुर्च्यांमागून त्यांच्या येरझाऱ्या, म्हणून पाठीमागे त्यांचं नाव ‘फेरीवाले’.

मी चित्रकलेची शिक्षिका. शाळा सोडून ऐन तारुण्यात, म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तिथं लागले. चार वर्षांत हात बसला, पण डोकं ठिकाणावर आलं नाही. फाइलींना नावं देणं हे कारकुनाचं काम, मी पडले कलावंत! नातवंडांना हे सांगताना आता माझं मलाच हसू येतं. माझ्या फाइलींची नावं ‘हे’, ‘ते’, ‘हे नको’. सर मागे थबकायचे.

“बाई, उद्या तुम्ही न्हाय आल्या, तर ‘हे’ म्हंजे काय ते कोनाला इचारू? तुमच्या सासूबाईंना?”

सर जवळच्याच वळ गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. प्रत्येक शॉटचा एक फोल्डर आणि त्यातच त्याचं सगळं सामान, हा त्यांचा हट्ट. “दुसऱ्याच्या मशीनवर उघडला, तरच शॉट झाला. तवर न्हाय.”

एकदा जळत्या गोदामाच्या शॉटसाठी मी घरून पेनड्राइव्हवर सुरेख धूर नेला. फोल्डरमध्ये कॉपी करायचा कंटाळा, म्हणून थेट पेनड्राइव्हवरूनच जोडला. काम संपवलं, पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि नणंदेकडे नारपोलीला हळदीकुंकवाला गेले. शॉट त्याच दुपारी चारला द्यायचा होता, पुढच्या मालिकेचं काम त्यावरच ठरणार होतं. शेवटची दुरुस्ती करायला सरांनी तो उघडला, तर गोदाम जळतंय आणि धूर गायब! नारपोलीत यंत्रमागांच्या खडखडाटात फोन कोणाला ऐकू येतोय? साडेचारला पाहिला. “भैया, जल्दी करो ना,” करत रिक्षानं पोचेपर्यंत सहा. काम हातचं गेलं होतं.

मालकांसमोर सर एवढंच म्हणाले, “मी तपासलं न्हाय. चूक माझी.” मी पर्समधला पेनड्राइव्ह आणखी आत ढकलला. कलावंत बाई घाबरल्या होत्या. सरांना महिनाअखेर जायला सांगितलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी माझे सगळे शॉट दुसऱ्या मशीनवर एकेक करून उघडायला लावले. तिसरा अडला. तो माझ्याकडूनच नीट करून घेतला. सगळे उघडल्यावर मी मठ्ठासारखं विचारलं, “सर, नवा लीड फार कडक असेल का हो?”

“ते तुमच्यावर हाय. मालकांना तुमचं नाव दिलंय.”

“माझं? धूर पर्समध्ये घेऊन हिंडणारीचं?”

“म्हनूनच,” बॅग उचलत सर म्हणाले. “बाकीचे माझ्या भीतीनं फोल्डर लावतात. न लावल्यावर काय जातं, ते तुम्हालाच ठावं हाय.”