साडूची जीप आणि माझी साक्ष

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पुढे सांगतोय ते अक्षरन् अक्षर खरं आहे. सावित्री नदीच्या पाण्यात उभा राहून सांगायला तयार आहे. फक्त गुडघाभर पाण्यात. कमरेपर्यंत उतरायचं म्हटलं, तर मधला एक तुकडा गाळावा लागेल. कुठला ते आत्ता विचारू नका. चहा संपेस्तोवर मीच सांगेन.

पोलादपूरला माझी पिठाची गिरण आहे. वय बावन्न. स्वभाव मनमिळाऊ. मी कुणाचा हेवा करत नाही. एक साडू सोडला तर.

विलासराव. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार महाड. ह्या गृहस्थांकडे एक जुनी जीप आहे. आणि महाडला कोर्टाच्या मागे, वरच्या मजल्यावर एक संस्था आहे. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांच्या हक्काचे दावे ती फुकट लढवते. विलासरावांनी आठवड्यातले दोन दिवस जीप ह्या संस्थेला देऊन टाकली. तारखेला डोंगरातली माणसं खाली आणायची, मुंबईहून कुणी मोठे वकील आले तर वीर स्टेशनवरून घेऊन यायचं. बस, एवढंच. पण एवढ्यावर माणूस देव झाला हो.

सासूबाई शिवथरच्या. चार दिवस आमच्याकडे आल्या होत्या. माझ्या घरात, माझ्या कपातून चहा पीत म्हणाल्या, "विलासरावांचा हात लागला गो, गरिबाचं भलं व्हतंय."

"मग मी काय गरिबांचं पीठ चोरतो?" मी म्हणालो.

"चोरत नाही," बायको म्हणाली, "दळून देता. पण पैसे घेऊन. भावोजी जीप फुकट देतात."

झालं. दुसऱ्या दिवशी गिरण बंद ठेवली आणि महाडची एसटी पकडली.

संस्थेच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता. 'आपण काय देऊ शकता?' खाली लिहिलेलं: देणगी, वेळ, गाडी, टायपिंग, तारखेला आलेल्यांसाठी डबा. संस्थेच्या पाटणकर वकीलबाई समोर बसल्या होत्या. मी विचारलं, "बाई, ह्यात सगळ्यात मोठी मदत कुठली?"

"मोठी म्हणजे?"

"म्हणजे जीपपेक्षा मोठी."

बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि एक फाईल पुढे ओढली. आमच्याच डोंगरावरच्या धनगरवाडीचं प्रकरण होतं. वाडीतून खाली यायची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट. मधली जमीन कुणा बाहेरच्या माणसाने घेतली आणि वाटेवरच तारेचं कुंपण ठोकलं. आता वाडीला दोन तासांचा वळसा. दूध खाली येईपर्यंत नासतं. वाडीतल्या ढेबेमामींची सून डोलीतून दवाखान्यात नेताना वळशावरच बाळंत झाली. दोघं जगली हे नशीब. तहसीलदारांपुढे दावा चालू होता आणि समोरचे म्हणत होते, इथे वाट नव्हतीच.

"वाडीतले लोक त्यांच्या फायद्याचं बोलणारच, असं समोरचे वकील म्हणतात," बाई म्हणाल्या. "वाट वापरलेला बाहेरचा साक्षीदार मिळाला तर फार उपयोग होईल."

"मग मी कशाला आहे? लहानपणापासून त्या वाटेने जातोय मी."

आता खरं सांगायचं तर त्या वाडीत मी आयुष्यात एकदा गेलो होतो. जत्रेचं मटण खायला. तेही पुढच्या माणसाच्या टाचा बघत. येताना पोट इतकं भरलं होतं की टाचासुद्धा दिसल्या नाहीत.

"नक्की ना, अण्णा? साक्ष म्हणजे खेळ नाही."

"डोळे बांधून चालेन."

तहसीलदारांपुढे मी जबाब दिला. तीन आंबे सांगितले, एक झरा सांगितला. तिथे थांबायला हवं होतं. पण साहेब लिहून घेतायत म्हटल्यावर तोंड कुठे थांबतंय? हत्तीएवढा दगड सांगितला, त्याला सोंडही दिली. समोरचे वकील शांतपणे म्हणाले, "साहेब, मग साक्षीदारानेच जागेवर येऊन वाट दाखवावी."

साहेबांनी गुरुवार दिला.

तोपर्यंत घरात माझा भाव असा वधारला म्हणता. सासूबाईंनी पहिली भाकरी माझ्या ताटात वाढली. विलासराव घरी आले. म्हणाले, "अण्णा, त्या वाटेबद्दल जरा बोलायचं होतं."

"तुम्ही जीप सांभाळा, विलासराव," मी म्हणालो. "वाटेचं मी बघतो."

गुरुवारी विलासरावांच्याच जीपने आम्ही वळशाच्या रस्त्याने गेलो. रस्ता संपला तिथे मी त्यांना जीपजवळच बसायला सांगितलं. वाडीत पोचलो. साहेब, त्यांचे कारकून, दोन्ही वकील आणि मागे निम्मी वाडी. साहेबांनी बजावलं, वाडीतल्या कुणी तोंड उघडायचं नाही, साक्षीदारच वाट दाखवेल. मी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात पुढे झालो.

कारवीच्या झुडपांत शिरलो मात्र, सगळीकडे वाटच दिसायला लागली. मागून ढेबेमामी पुटपुटत होत्या, "मेल्या, उजवीकडं." कारकून त्यांना गप्प करत होता. मला वाटलं, म्हातारी गुरांना हाकतेय. मी डावीकडे वळलो.

अर्ध्या तासाने आम्ही कड्याच्या टोकावर उभे होतो. खाली थेट पोलादपूर. माझ्या गिरणीचे पत्रे स्वच्छ दिसत होते.

साहेब म्हणाले, "वाट इथून उडी मारते का हो?"

समोरच्या वकिलांनी पेन काढलं. "नोंद घ्यावी साहेब. साक्षीदाराची वाट कड्यावर संपते."

पाटणकर बाईंनी फाईल मिटली. ढेबेमामी दगडावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "माज्या सुनंची डोली आता जन्मभर वळशानंच न्यायची का रे?"

मी पत्रे बघत राहिलो.

तेवढ्यात मामींची म्हैस चरत चरत तिथे आली. मामी उठल्या. "साहेब, ह्याला ऱ्हाव दे. कुंपान पडायच्या आदी ही रोज ह्याच वाटंनं खाली पान्यावर जायाची. हिला कोन शिकवून आनलेलं नाय." मामींनी पाठीवर थाप मारली. म्हैस निघाली, मागे सरकार निघालं. उजवीकडून, आंब्यांखालून, सरळ खाली. कुंपणाशी पोचली, तारेला तोंड लावून हंबरली. तारेपलीकडे पायांनी झिजून गुळगुळीत झालेल्या दगडी पायऱ्या होत्या. साहेबांनी तारेतून हात घालून त्या चाचपल्या. कारकुनाने लिहून घेतलं.

महिन्याभरात हुकूम आला. कुंपण निघालं, वाडीची वाट मोकळी झाली.

माझा जबाब बाईंनी त्याच दिवशी मागे घेतला होता. म्हणाल्या, "अण्णा, मदत आम्हाला हवीच आहे. पण जे तुमच्याकडे आहे, तेच द्या." मग मी गिरणीचा ओटा दिला. तारखेच्या दिवशी डोंगरातले लोक तिथे गाठोडी ठेवतात, भाकरी खातात, जीपची वाट बघतात. त्यांचं दळण फुकट. सासूबाईंना हे चार वेळा सांगून झालंय. त्या "बरं" म्हणतात.

हं, तो तुकडा. चहा संपत आलाय.

म्हैस नव्हती.

आम्ही कड्याकडे निघालेले बघून विलासराव जीप सोडून धापा टाकत वर आले होते. जीप घ्यायच्या आधी नऊ वर्षं हा माणूस रोज त्याच वाटेने वाडीतलं दूध खाली आणायचा. साहेबांनी विचारल्यावर पुढे झाला. उजवीकडून, आंब्यांखालून, सरळ पायऱ्यांपर्यंत. दुधाच्या किटल्या कुठल्या दगडावर टेकवायचा, तोसुद्धा दाखवला.

"मग आधी का नाही बोललात?" मी विचारलं.

"बाईंना बाहेरचा साक्षीदार हवाय हे मला तुमच्या जबाबानंतरच कळलं. बोलायला आलो होतो ना घरी. पण अण्णा, तुम्हाला इतकी हौस होती."

आता हे असं चारचौघांत कसं सांगायचं? विलासरावांच्या जागी कुणीतरी घालणं भाग होतं. म्हैस घातली. निदान तिचं कौतुक सांगायला सासूबाई माझ्या घरी येणार नाहीत.